फोटो काळे छापले जातात त्यात मशीनमनचा दोष कमीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की पेपरात मॉनिटरच्या पानभर जाहिराती सुरू होतात आणि आमच्या नारायण पेठ, शनिवार पेठेतल्या डीटीपीवाल्यांत (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांत) तीच चर्चा, कुठला घ्यायचा, जुना घेतात का, हप्त्यावर मिळतो का. त्या जाहिरातींत असतं काय तर १६५ हर्ट्झ, १ मिलिसेकंद, कर्व्ह्ड, शिवाय दहा कोटीला एक असला कायतरी कॉन्ट्रास्ट. हे सगळं गेम खेळणाऱ्या पोरांसाठी आहे हो. आम्ही पानं लावतो, लग्नपत्रिका करतो, दिवाळी अंकांचे फोटो साफ करतो, आमचं पान काय सेकंदाला १६५ वेळा हलत नाही, ६० हर्ट्झ भरपूर झालं. आम्हाला जे बघायचं असतं ते जाहिरातीच्या कोपऱ्यात बारीक टायपात असतं नाहीतर नसतंच, म्हणून हे पत्र.

आधी रोजच्या भांडणाचं बोलतो. पार्टी (म्हणजे गिऱ्हाईक) येते, छापून आलेलं पत्रक टेबलावर आपटते आणि म्हणते, स्क्रीनवर साहेबांचा चेहरा उजळ होता, इथं काळवंडलाय. आपण छपाई मशीन चालवणाऱ्या मशीनमनकडे बोट दाखवतो, मशीनमन म्हणतो प्लेटच तशी आली, सीटीपीवाला, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्लेट काढणारा, म्हणतो पीडीएफच तशी होती, आणि बऱ्याच वेळा सीटीपीवालाच खरं बोलत असतो. मॉनिटर खोक्यातून काढला की त्याचा उजेड अडीचशे-तीनशे निट्स (हे उजेडाचं माप) असतो, दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून कंपनीच तसा ठेवते, आणि आपण तो तसाच वर्षानुवर्षं वापरतो. कागदाला काही स्वतःचा उजेड नसतो. छपाईच्या कामाला ८० ते १२० निट्स बास होतात. आता तिप्पट उजेडात फोटो बघितला की काळ्या केसातली एकेक बट दिसते, कोटाच्या घड्या दिसतात, आपल्याला वाटतं झकास आहे, उलट अजून थोडा डार्क केला तर उठाव येईल, आणि छापल्यावर कोळसा.

याचा फुकटातला उपाय आहे. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ द्यायचा, जॉब ज्या कागदावर छापायचाय त्याचाच कोरा तुकडा स्क्रीनशेजारी धरायचा, फोटोशॉपमध्ये कोरी पांढरी फाइल उघडायची आणि मॉनिटरच्या बटणांनी ब्राइटनेस उतरवत जायचं, दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत. आकडा पुष्कळदा २०-३० वर येऊन थांबतो, लोकांना खरं वाटत नाही. पहिले दोन-तीन दिवस स्क्रीन मेल्यासारखी दिसते, मग डोळ्याला सवय होते आणि संध्याकाळी डोकं दुखायचंही कमी होतं. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, इको सेन्सर बंद, विंडोजचं नाइट लाइट बंद, कलर टेंपरेचर ६५०० वर. आणि डोक्यावरचा पिवळा दिवा काढा, खिडकीचं ऊन स्क्रीनवर येत असेल तर टेबल फिरवा. मोठ्या प्रेसमध्ये प्रूफ बघायला ५००० केल्विनचा वेगळा लाइट बूथ असतो, आयएसओ ३६६४ म्हणून त्याचं स्टँडर्डच आहे, आपल्याकडे तेवढी जागा नाही पण निदान एक बरी पांढरी ट्यूब तरी लावता येते.

पॅनलचं, म्हणजे आतल्या पडद्याचं, बघायला गेलं तर एलसीडीत टीएन, व्हीए आणि आयपीएस असे तीन मुख्य प्रकार मिळतात आणि आपल्या कामाला आयपीएसच. दुकानात कळतं कसं, तर पेनड्राइव्हवर एक साधी सपाट करड्या रंगाची फाइल घेऊन जायची, फुल स्क्रीन करायची, आधी खुर्चीत बसून बघायचं, मग उभं राहून बघायचं. टीएन असेल तर वरचा करडा वेगळा, खालचा वेगळा, आणि उभं राहिलं की सगळाच बदलतो. अशा स्क्रीनवर चेहऱ्याचा रंग ठरवायचा म्हणजे कठीणच, पाठ टेकून बसलं की रंग बदलणार. व्हीएला काळा रंग फार छान येतो पण बाजूने बघितलं की सावल्या फिक्या पडतात, आणि आपल्याकडे पार्टी कायम बाजूच्या स्टुलावरच बसते. करड्या फाइलवर चारही कोपरे बघा, एखादा कोपरा पिवळट किंवा गुलाबी दिसला तर पीस बदलून मागा, दुकानदार कुरकुर करेल, करू दे. आणि चकचकीत काच असलेला नको, ट्यूबलाइट आणि आपलंच तोंड दिसतं त्यात.

रंगांचा आकडा ही अजून एक गंमत. '१ कोटी ६७ लाख रंग' हे ८ बिटचं गणित आहे, त्याचा अर्थ पायऱ्या किती बारीक आहेत एवढाच, रंग कुठपर्यंत पोचतो ते त्यातून कळत नाही. ते कळायला एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांचा नेहमीचा ठरलेला पल्ला, किती टक्के गाठतो ते विचारायचं, ९९-१०० च्या खाली घ्यायचा नाही. काही कंपन्या '४५ टक्के एनटीएससी' असं लिहितात, एनटीएससी हे १९५३ सालचं टीव्हीचं माप आहे, ७२ टक्के एनटीएससी म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी धरा, तेव्हा ४५ वाला ६०-६५ टक्क्यांवर संपला. त्याच्यापुढे अडोबी आरजीबी या मोठ्या पल्ल्याचे महागडे मॉनिटर येतात, ऑफसेट छपाईचा स्वच्छ सायन (आकाशी निळा) आणि काही हिरवे एसआरजीबीच्या बाहेर पडतात ते त्याच्यात दिसतात, आर्ट पेपरवर कॅटलॉग करणाऱ्याने जरूर घ्यावा. पण पेजमेकर वापरणाऱ्याने जपून, कारण असल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरचं प्रोफाइल (त्याच्या रंगांची माहिती देणारी फाइल) बहुधा वापरलंच जात नाही, मग त्या भारी मॉनिटरवर सगळंच भडक दिसतं आणि आपण मारे कष्टाने रंग उतरवत बसतो. घेतलाच तर त्याला एसआरजीबी मोड आहे ना बघा.

भगव्याचं तर बोलायलाच नको. स्क्रीनवर पेटलेला भगवा फोर कलरमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, तसा येतच नाही, लाखाचा मॉनिटर आणला तरी नाही, तसंच आरजीबीतला गडद निळा छापताना जांभळ्याकडे जातो. त्याला फोटोशॉपमध्ये कंट्रोल वाय दाबून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच, पार्टीला आधीच दाखवायचं, म्हणजे तोंड तेव्हाच वाकडं होतं, दहा हजार कॉपी छापल्यावर नाही. ज्यांना तोच भगवा पाहिजे त्यांनी पाचव्या स्पेशल कलरचे पैसे द्यावेत. तुमच्या न्यूजप्रिंटवर तर अजून अडचण, कागदच करडा, शाई पसरते, चारही रंगांची मिळून शाई ४०० पैकी २४० टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते, तिथं आर्ट पेपरसाठी केलेला फोटो तसाच पाठवणाऱ्या जाहिरातवाल्यांनी मग पेपरला नावं ठेवू नयेत.

साइजचं कुणीच नीट सांगत नाही. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर उंच. २४ इंची १६:९ मॉनिटरची काच जेमतेम तेवढीच उंच, म्हणजे मेनू आणि टास्कबार गेला की पान खऱ्या मापात मावत नाही. तोच १६:१० घेतला, १९२० बाय १२०० वाला, तर उंची ३२४ च्या आसपास, रुंदी ५१८, समोरासमोरची दोन ए-फोर पानं उघडी ठेवून कडेला पॅलेटही बसतात. मिळायला थोडा शोधावा लागतो, तपकीर गल्लीत (इथल्या कॉम्प्युटरच्या बाजारात) नाही मिळाला तर मागवून घ्या. २७ इंची घ्यायचा तर २५६० बाय १४४०, फुल एचडी २७ इंचात घेऊ नका, इंचाला ८२ पिक्सेलच पडतात, आठ पॉइंटात रफार आणि अनुस्वार एकमेकांत घुसतात आणि प्रूफ वाचणाऱ्या मॅडम आपल्यावर ओरडतात. फोर-के अक्षरांना फारच सुंदर, पण जुन्या कोरलचे आणि पेजमेकरचे मेनू त्याच्यावर मुंगीएवढे होतात, स्केलिंग वाढवलं की धुरकट. इनडिझाइनसारख्या नव्या सॉफ्टवेअरवर काम असेल तर खुशाल घ्या. कर्व्ह्डवर मात्र कॉलमची सरळ रेघ वाकडी दिसते, फुकट दिला तरी नको.

मशीन लावून कॅलिब्रेट करणं, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून बरोबर लावणं, हाच खरा पक्का मार्ग, पण ते कॅलिब्रेटर साध्या मॉनिटरएवढं नाहीतर जास्त महाग पडतं म्हणून कुणी घेत नाही. एका वाड्यात चार-चार डीटीपीवाले आहेत, चौघांत मिळून एक घ्यायला काय हरकत आहे, महिन्यातून एकदा तर लावायचं असतं. झेरॉक्स मशीन अशीच भागीदारीत चालवतात की.

तुमच्या जाहिरात विभागाला एवढंच सांगून बघा, की मॉनिटरच्या जाहिरातीत पॅनल कुठलं, एसआरजीबी किती टक्के आणि काचेची उंची किती मिलिमीटर हे तीन आकडे ठळक छापायला कंपन्यांना सांगा, हर्ट्झ खाली बारीक टायपात टाका. अंकांचे जॉब हातावेगळे झाले की मलाही दोन मॉनिटर बदलायचेत.

आपला,
एक डीटीपीवाला,
नारायण पेठ, पुणे