दादा, त्या कोपऱ्यातल्या अक्षरांसाठी थँक्यू

दादा, गिटार रेकॉर्ड करताना आवाज उशिरा येत होता ते तुम्ही फोनवर सोडवून दिलंत, पण घाईघाईत नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे माझ्यासारखा अजून कोणी अडकला असेल तर त्यालाही उपयोग होईल.

दोन रात्री मी नुसता विंडोजच्या साऊंड सेटिंगमध्ये खेटे घालत होतो. तिथे इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा) डिफॉल्ट केला, केबल बदलली, ड्रायव्हर काढून परत टाकला, पण रीपरमध्ये (माझं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) गिटारची तार छेडली की आवाज आपला सावकाश मागून येतोय. तुम्ही मात्र एकच विचारलंत, "रीपरच्या वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काय लिहिलंय, वाच बघू." तिथे वेव्हआउट (विंडोजची आवाज नेण्याची जुनी, सावकाश पद्धत) लिहिलेलं, इतके दिवस डोळ्यासमोर होतं आणि मी कधी वाचलंच नव्हतं! त्यावरच क्लिक कर म्हणालात तर थेट प्रेफरन्सेसमधलं ऑडिओ डिव्हाइसचं पान उघडलं (कंट्रोल पी दाबूनही तिथे जाता येतं हे नंतर कळलं). ऑडिओ सिस्टीममध्ये आसिओ (कमी उशिरात आवाज नेणारी ड्रायव्हरची पद्धत) निवडलं, खाली इंटरफेसचा ड्रायव्हर निवडला, आसिओ कॉन्फिगरेशनचं बटण दाबून बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती सॅम्पल, म्हणजे नमुने, हाताळतो तो आकडा) १०२४ वरून १२८ केला आणि बस्स, उशीर गायब.

मला सगळ्यात आवडलं ते तुम्ही हिशोब करून सांगितलंत ते. ४८००० सॅम्पल रेटला (म्हणजे सेकंदाला ४८००० नमुने) १०२४ चा बफर म्हणजे जवळजवळ २१ मिलिसेकंद आणि १२८ चा म्हणजे पावणेतीनच्या आसपास, तेही फक्त एका बाजूचे, आत येताना वेगळे आणि बाहेर जाताना वेगळे. तोवर मला वाटायचं बफर जितका मोठा तितका आवाज चांगला 😅 आवाजाच्या क्वालिटीशी त्याचा संबंध नाही, छोटा ठेवला की प्रोसेसरला घाई होते आणि मग कटकट आवाज येतो, म्हणून मिक्सिंगला बसलो की परत १०२४ करायचा, हे आता डोक्यात फिट बसलंय.

हो आणि "ट्रॅकचं इनपुट पण बघ रे" म्हणालात ते बरं झालं, कारण डिव्हाइस बरोबर असूनही माझा ट्रॅक इनपुट १ वर होता आणि गिटार २ मध्ये खुपसलेली, नाहीतर तिसरी रात्रही त्यातच गेली असती.

काल पहिला टेक घेतला, मिक्स झाला की आधी तुम्हालाच पाठवतो. दुसऱ्या कडव्यात गिटार मागे पडलीये, तिथे बफरला दोष देऊ नका, ती चूक माझीच आहे.