कुळनोंदीचे तक्ते: मूळ गाव लिहाच

सर्व सभासदांना नमस्कार. कुळनोंदीचे तक्ते येत्या रविवारपर्यंत द्यावेत, ही आठवण.

आलेल्या बऱ्याच तक्त्यांत नुसते 'कुलकर्णी' आहे. तेवढ्यावर नाते जुळत नाही. कुलकर्ण हे गावोगावचे वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारे हक्काचे काम. पाटलाच्या जोडीने जमिनीचे, वसुलाचे दप्तर ज्या घराने लिहिले, त्याचे हे आडनाव झाले. म्हणून देशस्थ, कऱ्हाडे, सारस्वत, कायस्थ प्रभू, सगळ्यांत कुलकर्णी आहेत. धारवाडकडे घरी कन्नड बोलणारेही. ज्ञानेश्वरांचे पूर्वजसुद्धा आपेगावचे कुलकर्णी! १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली ही वतने गेली, आडनाव राहिले.

तेव्हा गोत्र, कुलदैवत, असल्यास जुने आडनाव आणि मुख्य म्हणजे वतनाचे गाव लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. मोडीतले कागद सापडले तर कृपया रद्दीत घालू नका, फोटो पाठवा.