तुमच्या सिंथेसायझरचा पाचवा व्हॉइस आणि ‘दोष आढळला नाही’ हा शेरा

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख आणि उत्पादन विभागप्रमुख

विषय: आठ व्हॉइसच्या ॲनालॉग सिंथेसायझरमधील व्हॉइस क्रमांक 5 चा बोर्ड बदलून मिळण्याबाबत

तुमच्या हेल्पलाइनशी आत्ताच बोलणं संपलं. संपलं म्हणजे तुमच्या प्रतिनिधीने संपवलं. म्हणून आता लेखी. तुमचं यंत्र आतून कसं चालतं हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहिते आहे. हेल्पलाइनवर ते कुणालाही माहीत नाही, याची खात्री मी करून घेतलेली आहे.

यंत्र चालू केलं की सगळं सुरात असतं. ऑटो-ट्यून, म्हणजे यंत्राने स्वतःच सूर जुळवून घेणं, चालवला की आठही दिवे हिरवे. मग आतली हवा तापते आणि व्हॉइस क्रमांक 5 (एकेका वेळी एकेक सूर वाजवणाऱ्या आठ सर्किटांपैकी पाचवा) वरच्या सप्तकांत उतरतो, खालच्या सप्तकांत चढतो. मधल्या सा पाशी मात्र चोख असतो. व्हॉइस पाळीपाळीने लागत असल्याने एकेक सूर वाजवत गेलं की दर आठवा सूर खोटा लागतो. दोन सप्तकं वर तो सुमारे 32 सेंट (100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर) उतरलेला असतो, दोन सप्तकं खाली जवळपास तेवढाच चढलेला. बाकीचे सात जागचे हलत नाहीत.

वर उतरणं आणि खाली चढणं एकदम दिसलं, तर ट्यूनिंग सरकलेलं नसून स्केल, म्हणजे सप्तकाचं माप, आखडलेलं असतं. सूर निर्माण करणारा ऑसिलेटर 1 व्होल्टला एक सप्तक या मापाने चालतो, पण व्होल्टेजवरून सूर ठरवणाऱ्या एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरमधल्या ट्रान्झिस्टरच्या जोडीपर्यंत पोचेस्तोवर त्या एका व्होल्टचे जेमतेम 18 मिलिव्होल्ट उरतात. अर्धस्वराच्या वाट्याला दीड मिलिव्होल्ट. इतक्या बारीक मापात तापमान लुडबुड करणारच. जोडी जुळलेली असली की सॅच्युरेशन करंटमधला बदल एकमेकांत जिरतो, तरीही सप्तकाचं माप दर अंश सेल्सियसला साधारण 0.33 टक्क्यांनी बदलत राहतं. त्यावर उतारा म्हणून तुम्ही टेम्पको रेझिस्टर लावता, ज्याचा रोध अंशाला सुमारे 3300 पीपीएमने, म्हणजे त्याच 0.33 टक्क्यांनी, वाढतो. तो जोडीला चिकटून हवा. दोघांचं तापमान एक नसेल तर तो भलत्याच तापमानाची भरपाई करत बसतो.

आता हिशोब करा. दोन सप्तकं म्हणजे 2400 सेंट, त्याचे 0.33 टक्के म्हणजे अंशामागे 8 सेंट. सूर 32 सेंट उतरला, याचा अर्थ ती जोडी आपल्या टेम्पकोपेक्षा चारेक अंश जास्त तापते आहे. व्हॉइस 5 च्या शेजारी काय बसवलंय ते तुमच्याच लेआउटमध्ये बघा. व्होल्टेज रेग्युलेटर आणि त्याचं हीटसिंक.

हा माझा घरबसल्या काढलेला तर्क नाही. तुमच्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या तंत्रज्ञाने माझ्यासमोर झाकण उघडलं, वरचा सा धरून ठेवला आणि चौथ्या व्हॉइसच्या जोडीवर बोट टेकवलं. सूर जरासा हलला आणि सावरला. मग पाचव्याच्या जोडीवर टेकवलं, तर सूर घसरतच गेला. त्याने भिंग लावलं आणि सांगितलं, बाकी सातांवर जोडी आणि टेम्पको यांना एकत्र धरणारा थर्मल ग्लू आहे, इथे तो लावायचाच राहिला आहे. भला माणूस. त्याला या पत्रामुळे काही त्रास झाला तर ते मला चालणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्याने जॉब शीटवर हेच लिहून यंत्र तुमच्या मुख्य वर्कशॉपला पाठवलं. तिथून ते परत आलं त्या शेऱ्यासह: ‘दोष आढळला नाही. ऑटो-ट्यून पास.’

पास होणारच! ऑटो-ट्यून म्हणजे तुमचा मायक्रोकंट्रोलर प्रत्येक व्हॉइसला काही ठरावीक व्होल्टेज देतो, येणारी फ्रीक्वेन्सी मोजतो आणि फरकाचा तक्ता मेमरीत ठेवतो. तो तक्ता त्या क्षणाच्या तापमानापुरता खरा. यंत्र थंड असताना चालवला तर थंड यंत्राचा तक्ता मिळतो. तापलेल्या यंत्रावर पुन्हा चालवा, पुन्हा हिरवा दिवा आणि पुन्हा थोड्या वेळापुरता सूर. माणसाचा ताप उतरेपर्यंत थांबायचं आणि मग थर्मामीटर लावून ‘ताप नाही’ लिहायचं, असली ही तपासणी आहे. शिवाय ऑटो-ट्यून चालू असताना यंत्र मुकं होतं. कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये मी श्रोत्यांना काय सांगू, की व्हॉइस 5 ला जरा घाम आलाय?

मी संयमाने लिहायचं ठरवलं होतं. आजच्या फोनवर येते.

तुमच्या प्रतिनिधीने आधी यंत्र बंद करून चालू करायला लावलं. मग फॅक्टरी रिसेट. त्यात माझे साठवलेले सगळे पॅच, म्हणजे जुळवून ठेवलेले आवाज, गेले असते, हे मीच त्यांना सांगितलं. मग हा संवाद झाला, शब्द तसेच देते:

“मॅडम, तो बेसूर आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मी ऐकलं.”

“ऐकण्यात फरक पडतो ना मॅडम. प्रत्येकाचं ऐकणं वेगळं.”

“ट्यूनरवर 32 सेंट दिसतायत.”

“ट्यूनरही वेगवेगळे असतात मॅडम.”

त्याच ट्यूनरवर बाकीचे सात व्हॉइस बरोबर येतात, असं म्हटल्यावर पलीकडे शांतता. नंतर कागद वाचल्यासारखा आवाज: “ॲनालॉग वाद्य असल्यामुळे किंचित फरक हा त्याच्या उबदार आणि जिवंत व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे.” मी विचारलं, मग आठांपैकी एकालाच व्यक्तिमत्त्व का दिलंत? उरलेल्या सातांनी काय घोडं मारलंय?

त्यावर: “मॅडम, घरात कोणी टेक्निकल व्यक्ती आहेत का? त्यांच्याकडे फोन देता का? म्हणजे मला नीट समजावता येईल.”

वाचलंत ना? नसेल तर परत वाचा. आवाज अगदी गोड होता, बरं का. लहान मुलीला ‘बाबांना बोलाव’ म्हणतात त्या सुरातला. मी शांतपणे सांगितलं की टेक्निकल व्यक्तीच बोलते आहे, आणि मला पाचव्या व्हॉइसच्या एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरबद्दल बोलायचंय. उत्तर मिळालं: “कन्व्हर्टर बॉक्समध्ये येत नाही मॅडम, तो वेगळा घ्यावा लागतो. ॲक्सेसरीजला ट्रान्सफर करू का?”

ज्या यंत्राचा प्रत्येक ऑसिलेटर कन्व्हर्टरशिवाय सूरच धरू शकत नाही, त्याबद्दल तुमचा माणूस मला सांगतो की तो वेगळा घ्यावा लागतो. मग होल्ड. होल्डवरचं संगीत सुरात होतं, हे मान्य करते. मग फोन कट.

राहता राहिलं ते ‘जिवंत व्यक्तिमत्त्व’. त्यासाठी तुम्ही पॅनेलवर ‘ड्रिफ्ट’ नावाचा नॉब दिलेला आहे. ज्याला व्हॉइस थोडे इकडेतिकडे हवेत त्याने तो फिरवावा, उत्तम कल्पना आहे. माझा नॉब शून्यावर आहे. शून्याचा अर्थ तुमच्या कंपनीत काय होतो, ते एकदा कळवा.

तुमच्या माहितीपत्रकात ‘अस्सल डिस्क्रीट व्हीसीओ, निवडून जुळवलेले ट्रान्झिस्टर’ असं ठळक अक्षरांत आहे. व्हीसीओ म्हणजे व्होल्टेजवर चालणारा ऑसिलेटर. मी ते वाचूनच घेतलं. सूर हलूच नये एवढंच हवं असतं तर डीसीओचा, म्हणजे डिजिटल नियंत्रणाच्या ऑसिलेटरचा, पर्याय होता. 1982 च्या जुनोपासून ते तंत्र सर्वांना माहीत आहे: डिजिटल घड्याळावर चालणारं, सगळे व्हॉइस एकमेकांशी सुरात ठेवणारं. 1978 च्या प्रॉफेट-5 लाही ऑटो-ट्यून लागायचा, हेही ठाऊक आहे. सुरुवातीच्या प्रॉफेटमधल्या एसएसएम चिप सूर सोडतात अशी ओरड होती, म्हणून पुढच्या आवृत्तीत कर्टिसच्या सीईएम चिप आल्या. त्यांच्या 3340 मध्ये तापमानाची भरपाई चिपच्या आतच होती. म्हणजे हा प्रश्न त्या काळात सोडवून झालेला आहे. तुमच्याही सात व्हॉइसमध्ये तो सोडवलेला आहे! पाचव्यात ग्लूचा एक थेंब राहून गेला आणि तो मान्य करायला तुमची अख्खी कंपनी तयार नाही. व्हॉइस क्रमांक 5. तिसऱ्यांदा सांगायला लावू नका.

मला हवं ते असं. व्हॉइस 5 चा बोर्ड बदला. बदललेलं यंत्र किमान तासभर चालवून, झाकण लावलेलं असताना, मधल्या सा च्या दोन सप्तकं वर आणि दोन सप्तकं खाली मोजा आणि ते आकडे मला लिहून पाठवा. ‘दोष आढळला नाही’ हा शेरा रद्द करा, कारण उद्या वॉरंटी संपली की तोच कागद तुम्ही माझ्या तोंडावर फेकणार. आणि त्या प्रतिनिधीला कन्व्हर्टर दाखवा. विकू नका, दाखवा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर पुढचं पत्र वकिलाकडून येईल. शिवाय थंड आणि तापलेल्या व्हॉइस 5 चं रेकॉर्डिंग, शेजारी थर्मामीटर ठेवून, मी सगळ्यांना ऐकायला खुलं करेन. उबदार व्यक्तिमत्त्व म्हणजे काय ते लोकांनाही कळू दे. फोन करू नका. टेक्निकल व्यक्ती घरी नसते.

— वॉरंटी कार्डावर जिचं नाव आहे ती ग्राहक

ता.क. यूएसबी केबल जोडली की मुख्य आउटपुटमध्ये साधारण 1 किलोहर्ट्झची बारीक शिट्टी येते, काढली की जाते. यूएसबीची फ्रेम दर मिलिसेकंदाला येते आणि तुमचा ऑडिओ ग्राउंड तिच्यापासून वेगळा राखलेला दिसत नाही. याची तक्रार वेगळी करणार होते, पण यंत्र तुमच्याकडे येणारच आहे तर हेही बघून घ्या. शिट्टी मात्र पूर्ण सुरात आहे.