साथीदारांची आणि गीतकारांची नावे छापावीत

महोदय,

दिवाळी पहाट आणि गणेशोत्सवाच्या निमित्ताने जुन्या गाण्यांचे कार्यक्रम मराठवाड्यात आता तालुक्याच्या गावीही होऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र दुसऱ्याचे गाणे गाताना ते कोणी लिहिले, चाल कोणाची आणि आज साथीला कोण बसले आहे, याचा जो विसर पडतो, तो मला खटकतो.

एका जर्मन गायकाचे उदाहरण देतो. थॉमस क्वास्टहॉफ हे ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्ट यांच्या गीतांसाठी नावाजलेले गायक. आईने गरोदरपणी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे त्यांचे हात जन्मतःच अविकसित राहिले आणि पियानो वाजवता येत नाही म्हणून हानोफरच्या संगीत महाविद्यालयाने त्यांना प्रवेश नाकारला होता. अभिजात संगीतात मोठे नाव झाल्यावर त्यांनी २००७ मध्ये ‘वॉच व्हॉट हॅपन्स’ हा जॅझ गाण्यांचा अल्बम काढला. त्यातील शीर्षकगीताची चाल फ्रेंच संगीतकार मिशेल लग्राँ यांची. निर्मिती ट्रम्पेटवादक टिल ब्रोनर यांची, पियानोवर अ‍ॅलन ब्रॉडबेंट, ड्रम्सवर पीटर अर्स्किन, बासवर डीटर इल्ग आणि गिटारवर चक लोब. ही नावे मला सहज सांगता येतात, कारण ती अल्बमसोबतच रसिकांपर्यंत पोहोचली आहेत. जॅझमध्ये साथीदार नुसता ठेका धरून बसत नाही. गायक थांबला की गाणे तोच पुढे नेतो, त्यामुळे त्याचे नाव गायकाइतकेच महत्त्वाचे ठरते.

आपल्याकडे फ्लेक्सवर आयोजकांचे, प्रायोजकांचे आणि गायकाचे छायाचित्र असते. तबलजी मात्र सत्कार संपेपर्यंत कोपऱ्यात हातोडी घेऊन तबला सुरात लावत बसलेला असतो आणि त्याची ओळख करून दिली जाते ती थेट भैरवीच्या आधी, अर्धे श्रोते चपला शोधायला उठल्यावर. निवेदक मूळ गायकाचे नाव आदराने घेतात, पण गीतकार आणि संगीतकार बहुतेक वेळा वगळले जातात.

हे आपल्या मातीला शोभणारे नाही. पैठणच्या नाथांचे भारूड गावोगावचे सोंगाडे शतकानुशतके आपापल्या ढंगाने रंगवत आले, तरी शेवटी ‘एका जनार्दनी’ म्हटल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. गंगाखेडच्या जनाबाईंचा अभंगही ‘नामयाची जनी’ म्हणत आपली कर्ती सांगतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, मूळ गाण्याचे पहिले ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यानंतर पाच वर्षे उलटल्याशिवाय, आणि आगाऊ मानधन भरल्याशिवाय, कायद्याच्या आधारे त्याची नवी आवृत्ती ध्वनिमुद्रित करता येत नाही. रंगमंचावरील कार्यक्रमांचे नियम वेगळे आहेत. परंतु नाव घेण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आयोजकांनी निमंत्रणपत्रिकेत सर्व वादकांची नावे वाद्यासह छापावीत आणि निवेदकांनी प्रत्येक गाण्याआधी गीतकार-संगीतकारांचा उल्लेख करावा. आपल्या वृत्तपत्रानेही अशा कार्यक्रमांची बातमी देताना मान्यवरांच्या यादीतील दोन नावे कमी करून साथीदारांची नावे द्यावीत, अशी विनंती आहे.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)