उद्यमनगरच्या मामांना, जुन्या ड्रिल मशीनच्या निमित्ताने

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

मशीन चालू झालं, हे फोनवर सांगितलंच. पण आभार मानायला लागलं की तुम्ही "चहाला कधी येतोस?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातात काय विद्या असते, हे चार लोकांना कळायलाच हवं.

काकांचं वर्कशॉप बंद पडल्यापासून ते पंजाबातल्या बटाल्याचं बेंच ड्रिल पत्र्याखाली पावसाळे काढत पडलं होतं. टेबल कॉलमला गच्च धरलेलं, मोटार नुसती गुणगुणायची, हाताने फिरवलं तर ड्रिल पकडणारा चक डोलायचा. भंगारवाला वजनावर घेऊन जायला तयारच होता. तुम्ही स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, हाताने फिरवलात, कान जवळ नेलात आणि म्हणालात, "बीड चांगलं आहे. हे मशीन जात नाही कुठं."

टेबल सोडवायला सगळे घण शोधत होते, तेव्हा तुम्ही अडवलंत. बीड म्हणजे ओतीव लोखंड; ते वाकत नाही, तडकतं. बोल्ट ढिला करायचा, फटीत डिझेल सोडायचं, लाकडी हातोड्याने हलके ठोके द्यायचे आणि थांबायचं. ते थांबणं मला तुमच्याकडूनच शिकायला मिळालं. टेबल सुटलं तेव्हा क्लॅम्पला साधा चराही गेला नव्हता.

बेअरिंगवरचा नंबर गंजात गेलेला. तुम्ही व्हर्निअर लावला: आतला व्यास 20, बाहेरचा 47, जाडी 14 मिमी. "6204," तुम्ही लगेच म्हणालात, आणि शेवटच्या 04 ला पाचाने गुणलं की आतला व्यास मिळतो हेही सांगितलंत. नवं बेअरिंग स्पिंडलवर चढवताना पाइपचा तुकडा आतल्या रिंगवरच टेकवायला लावलात. बाहेरच्या रिंगवर ठोकलं असतं तर सगळा मार गोळ्यांवर गेला असता.

पण खरं ऋण आहे ते चकचं. चक बदला, असंच जो तो सांगत होता. तुम्ही आधी ड्रिफ्ट (चक सोडवायची पाचर) घालून चक काढायला लावलात आणि स्पिंडलच्या तोंडात बॅटरी मारलीत. आत 2 नंबरचा मोर्स टेपर, म्हणजे निमुळतं होत जाणारं भोक. त्याची उतरण साधारण विसास एक इतकी कमी असते, की शँक (चकचा त्यात बसणारा निमुळता दांडा) नुसत्या घर्षणावर धरून राहतो. पण त्यासाठी दोन्ही पृष्ठभाग चोख लागतात. इथं कधीतरी शँक आत फिरलेला, आणि त्याने एक फुगवटा उठवून ठेवलेला. तुम्ही घरून निमुळतं भोक आतून खरवडणारा टेपर रीमर आणलात, मशीनला न लावता हातानेच फिरवलात, तोही फुगवटा जाईपर्यंतच. मग ब्लू (कुठं टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून शँक बसवला, काढला, डाग पाहिले, पुन्हा पुसलं. रात्र झाली तरी तुम्ही "चालेल" म्हणाला नाहीत. आधी डोलणं मोजणाऱ्या डायल गेजचा काटा 0.25 मिमी फिरत होता. शेवटी तो 0.03 वर आला. चक जुनाच आहे, मामा.

मोटारीला कपॅसिटर बदलला, पट्टा नवा घातला, रंग दिला, ते कोणीही केलं असतं. पण जुनी दोन तारांची वायर कापून तीन कोअरची टाकून अर्थिंग तपासल्याशिवाय तुम्ही बटण दाबू दिलं नाहीत, याबद्दल आमच्या घरातले सगळे तुमचे आभारी आहेत.

पुलीच्या गार्डच्या आत तुम्ही खडूने लिहिलेलं "8000 ÷ मिमी" मी आता ऑइल पेंटने पक्कं करून घेतलंय. साध्या लोखंडाला मिनिटाला 25 मीटर वेग धरला की हाच आकडा येतो: 8000 भागिले ड्रिलचा व्यास, म्हणजे 10 मिमीच्या ड्रिलला मिनिटाला 800 फेरे. परवा एका आयटीआयच्या पोराला तो हिशेब समजावला. त्याने वहीत उतरवून घेतला. टेबलावरची जुन्या कारागिरांची भोकं तुमच्या सांगण्याप्रमाणे तशीच ठेवली आहेत. बुजवून मापात काहीच फरक पडणार नव्हता.

डायल गेज आणि रीमर तेल लावून गुंडाळून ठेवलेत, रविवारी आणून देतो. मामींच्या ओट्याखालच्या रॅकचे अँगलही त्याच दिवशी घेऊन येईन म्हणतो. भोकं आपल्या मशीनवर पाडू.

तुमचा,
ड्रिल मशीनवाला भाचा