डाव्या पायडलचे उलटे आटे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावातल्या सायकल दुकानदारांचा नाद सोडा आणि थेट कंपनीकडूनच सायकल मागवा, असा सल्ला देणारं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. त्यांचा राग मला पटतो. सल्ला निम्माच पटतो. का, ते सांगायला आमच्या घरातलं एक प्रकरण उघडं करावं लागणार आहे. जावईबापूंची परवानगी घेतलेली नाही.

नातू सातवीत गेला. त्याला डिस्क ब्रेकचीच सायकल हवी होती. दुकानात ११,२०० सांगितले. तीच सायकल, तोच रंग, कंपनीच्या साइटवर ९,४००. अठराशे रुपयांचा फरक म्हटल्यावर आमच्याकडे पुढची चर्चा होत नाही. मुलीनं मोबाइलवरून पैसे भरले, आठव्या दिवशी खोका आला. गाडी गल्लीत वळेना म्हणून पोऱ्यानं तो कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी उतरवला, फोटो काढला आणि गेला.

खोक्यावर ‘८५ टक्के जोडलेली’ असं छापलं होतं. उरलेले १५ टक्के म्हणजे पुढचं चाक, हँडल, सीट आणि पायडलं. सोबत दोन अॅलन की, वाकेल असा एक पाना आणि इंग्रजी पुस्तिका. मी त्या दिवशी निपाणीला लग्नाला गेलो होतो. नाहीतर उद्यमबागेत ३४ वर्षं लेथवर उभं राहिलेल्या माणसाच्या घरात हे झालं नसतं. जावईबापू बँकेत आहेत. हिशेब चोख, पण पाना हातात धरायची सवय नाही. रात्री जेवणं झाल्यावर मोबाइल टीपॉयवर उभा करून, व्हिडिओ बघत बघत त्यांनी सायकल जोडली. नातू अकरापर्यंत जागा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सायकलीच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात. सुलटे ठेवले तर पाय मारता मारता पायडल आपोआप सैल होत जातं, म्हणून ही योजना. दोन्ही पायडलं दिसायला सारखीच. टोकावर बारीक ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेलं असतं, तेही ग्रीसखाली. जावईबापूंनी उजवं पायडल डाव्या क्रँकमध्ये, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला बसतं त्या हातात, घातलं. जाईना म्हणून पाना लावला, त्यावर पाय दिला. पायडलचा दांडा पोलादी, क्रँक अॅल्युमिनियमचा. कोण हरणार ते ठरलेलं. दुसऱ्या बाजूला अडल्यावर त्यांना अक्षरं दिसली, पायडलं बदलली, पण तोवर डाव्या क्रँकचे निम्मे आटे मेले होते. उरलेल्या आट्यांवर सायकल चार दिवस चालली. पाचव्या दिवशी तिसऱ्या गेटजवळ नातू उभा राहून पायडल मारत होता, आणि डावं पायडल बुटासकट खाली आलं. गुडघा फुटला. मागून गाडी नव्हती.

कंपनीला फोन लावला. जोडणी ग्राहकानं स्वतः केली असेल तर वॉरंटी बसत नाही, तरी अधिकृत सेवा केंद्रात दाखवून बघा, असं उत्तर मिळालं. केंद्र कुठं? बेंगळूर. म्हटलं, बाई, बेंगळूर इथून पाचशे किलोमीटर, कोल्हापूर जेमतेम एकशेदहा, तिथं नाही का तुमचं केंद्र? आहे म्हणाली. ‘लेकिन सर, सिस्टम में स्टेट के हिसाब से आता है.’ १९५६ पासूनचा आमचा सीमाप्रश्न सायकलीच्या क्रँकपर्यंत येऊन पोहोचेल असं काही वाटलं नव्हतं.

मग सायकल ढकलत गावातल्या एका मोठ्या दुकानात नेली. काउंटरवरच्या तरुणानं खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. ‘ऑनलाइनची काय? आम्ही हात लावत नाही. जिथनं आणलायसा तिथंच न्यावा की.’ त्याच्या मागं भिंतीवर ‘ग्राहक देवो भव’. असो.

शेवटी वडगावात एक पत्र्याचं शेड आहे, तिथं गेलो. चालवणारे सत्तरीतले, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी पायडलकडं बघितलंच नाही. सायकलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ‘मेस्त्री, पायडलचं मागनं बगू. हे आदी बगा की. फोर्क उलटा हाय.’

मी लेथवरचा माणूस, रोज ती सायकल अंगणात बघत होतो, आणि मला दिसलं नव्हतं. खोक्यात जागा वाचावी म्हणून फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, मागं फिरवून ठेवलेला असतो. हँडल बसवायच्या आधी तो अर्धा फेरा पुढं आणायचा. आमच्याकडं फोर्क तसाच ठेवून वर हँडल आवळलं होतं. पुढचा डिस्क ब्रेक डाव्या बाजूला असायचा, तो उजवीकडं. त्यामुळेच पोराच्या बुटाचं टोक वळताना पुढच्या चाकाला लागायचं. तो सांगत होता, आम्ही म्हणत होतो नवी आहे, सवय होईल.

मामांनी सायकल उलटी केली. हबचे कोन, म्हणजे चाकाच्या मध्यातले छर्रे धरणारे नट, आवळले, ब्रेकचं कॅलिपर सारखं केलं आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला बसले. डायल नाही, स्टँड नाही. चाक फिरवायचं आणि रिमजवळ खडू धरायचा. रिम जिथं बाहेर येते तिथंच खडूची रेघ उमटते. मग त्या जागी विरुद्ध बाजूच्या तारा पाव फेरा आवळायच्या, रेघ पुसायची, पुन्हा फिरवायचं. मधूनच तारेला टिचकी मारून कान द्यायचा. चौथ्या वेळी खडूला रिम लागली नाही. मी आयुष्यभर डायल गेज लावून शंभरांश मिलिमीटरचा आऊट काढला, पण टिचकीवर काढलेला पहिल्यांदा बघितला.

नवा डावा क्रँक, सगळी जुळवणी आणि ब्रेकची केबल धरून ७४० रुपये झाले. स्टँड, मडगार्ड आणि घंटी खोक्यात नव्हती, दुकानाच्या भावात होती. ती ५१० ला घेतली. म्हणजे अठराशेतले साडेपाचशे उरले. गुडघ्याच्या ड्रेसिंगचे आणि टीटीच्या इंजेक्शनचे त्यातून वजा करायचे का, हे आमच्यात अजून ठरलेलं नाही.

याचा अर्थ दुकानदार धुतल्या तांदळाचे, असं मी म्हणत नाही. पक्कं बिल मागितलं की चेहरा बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तरी त्यानंतर महिन्यानं मला एका दुकानात जुनाच भाव सांगितला, वर ‘जुना माल हाय’ हे कारण. जुन्या मालावर नवा कर लावायचा असतो, हे मला माहीत नसेल असं धरून. मुलाची उंची न बघता शिल्लक असलेली २६ इंची गळ्यात मारायची आणि ‘वर्षात मोठा होईल की’ म्हणायचं, हेही इथलंच. साइटवर निदान उंचीचा तक्ता असतो, भाव सगळ्यांना एकच असतो, आणि जांबोटीकडच्या एखाद्या वाडीतल्या माणसाला ज्या सायकली बेळगावात येऊनही बघायला मिळत नाहीत त्या तिथं मिळतात. ज्याला पाना धरता येतो त्यानं खुशाल थेट घ्यावी.

पण लांबचा विचार केला तर माझं मन दुकानाकडं झुकतं, आणि त्याला कारण माझी स्वतःची अॅटलस. १९८६ साली पहिल्या बोनसमधून घेतलेली, २८ इंची, काळी. ती बनवणाऱ्या कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा चालू कारखाना २०२० साली ३ जूनला बंद पडला. तो नेमका जागतिक सायकल दिन होता. माझी अॅटलस मात्र बंद पडली नाही. कॉटर पिन, दोन क्रँकमधला एक्सल, छर्रे, टायर, काहीही मागा, मामांच्या खोक्यात आहे. उद्या नातवाच्या सायकलीची कंपनी गेली, तर तिच्या डिस्क पॅडचं काय ते मला माहीत नाही.

आणि हे गाव तसं सायकल दुकानाला परकं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सुरुवात केली ती इथंच, बेळगावात, सायकलीच्या दुकानानं. लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी हे सगळं पुढचं. ते सायकल विकायचे, दुरुस्त करायचे आणि फी घेऊन चालवायलाही शिकवायचे. आज विकणारा एकीकडं, दुरुस्त करणारा दुसरीकडं, आणि शिकवायला व्हिडिओ.

थेट विकणाऱ्या कंपन्यांना माझं म्हणणं एवढंच. जोडणीचे तीनशे-चारशे रुपये किमतीतच धरा आणि ते गावातल्या मेकॅनिकला द्या. खोका सरळ त्याच्याच दारात उतरवा, म्हणजे वॉरंटीला जबाबदार माणूसही सापडेल. तेवढं जमत नसेल तर मराठीत आणि कन्नडमध्ये हातभर कागद घाला. त्यावर दोनच चित्रं पुरेत, फोर्क कुठल्या बाजूला आणि कुठलं पायडल कुठं. सेवा केंद्र अंतर बघून द्या, राज्य बघून नको. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस बाजाराला बेळगावात येतो आणि कर्नाटकातल्या निपाणीचा कोल्हापूरला जातो, हे संगणकाला कुणीतरी सांगायला हवं.

दुकानदारांनीही फुगून बसू नये. बाहेरून आणलेली सायकल जोडायचे इतके, आऊट काढायचे इतके, असा दरफलक लावावा. मामांकडं तो नाही, पण त्यांना विचारलं की आकडा एकच सांगतात. त्या दिवशी माझ्यासमोर आणखी दोन खोक्यातल्या सायकली आल्या, एक येळ्ळूरची, एक शहापूरची. येळ्ळूरच्या सायकलीचाही फोर्क उलटाच होता.

ज्यांची सायकल आधीच बिघडलेली आली आहे त्यांनी गप्प बसू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, बेंगळूरला जावं लागत नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. आमची तक्रार मी केलेली नाही. चूक कुणाची हे सांगायला जावईबापूंना उभं करावं लागेल, आणि मुलगी ते होऊ देणार नाही.

खोका अजून माळ्यावर आहे. माल परत पाठवायचा झाला तर मूळ खोकाच लागतो, असं त्या पुस्तिकेत लिहिलंय. एक कोपरा उंदरांनी खाल्लाय.

आपला,
एक निवृत्त टर्नर,
अनगोळ, बेळगाव