अडीचशे शब्दांची उमेदवारी

रविवार, दुपार

प्रिय मंदे,

रागावली असशील तर अर्धाच राग आत्ता खर्च कर, उरलेला हे पत्र संपेपर्यंत लागेल. संक्रांतीपासून तुला उत्तर नाही. कारण सांगत नाही; सांगितलं तर तू ते तपासत बसशील. तब्येती ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, सुहासची साखर आटोक्यात. झालं.

मुद्दा असा की मी इथे इंग्लंडात आमच्या हॉस्पिटलच्या गव्हर्नर निवडणुकीला उभी राहतेय. राजभवन मिळत नाही, मानधन नाही, प्रवासखर्च तेवढा देतात. अर्जासोबत उमेदवाराचं निवेदन द्यायचं असतं, आमच्याकडे अडीचशे शब्दांचं. त्या अडीचशे शब्दांनी माझी झोप उडवली आहे. आणि माझ्या लिखाणाला न विचारता कात्री लावायचा हक्क तू कॉलेजपासून बजावत आलीस. हस्तलिखितातल्या माझ्या लेखाचं शेवटचं पान तू काढून टाकलं होतंस, ते मी विसरलेले नाही. 

तू पतसंस्थेवर संचालक होतीस, म्हणून आधीच बजावते: तो हिशेब डोक्यातून काढ. तुम्ही कर्ज मंजूर करायचात, वसुलीला माणूस धाडायचात. गव्हर्नरला इथे एक खाटसुद्धा इकडची तिकडे करता येत नाही. २००३ च्या कायद्याने 'फाउंडेशन ट्रस्ट' नावाचा प्रकार आला, म्हणजे सरकारीच, पण आपला कारभार बराचसा आपणच बघणारं हॉस्पिटल; पहिले ट्रस्ट १ एप्रिल २००४ ला सुरू झाले. इंग्लंडमधली सगळी हॉस्पिटलं त्यात नाहीत. लेस्टरची मोठी हॉस्पिटलं एनएचएसचीच, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचीच, पण फाउंडेशन ट्रस्ट नाहीत, त्यामुळे तिथे ही निवडणूकच नसते. तुझ्या लेस्टरच्या भाच्याला हे सांग. तो मला मत देतो म्हणून गळ्यात पडला होता. मत फक्त ट्रस्टच्या नोंदणी केलेल्या सभासदांना. सभासद होणं फुकट, एक फॉर्म भरायचा, आणि तरी लोक होत नाहीत.

गव्हर्नरांच्या कौन्सिलमध्ये अर्ध्याहून जास्त माणसं लोकांनी निवडलेली असावी लागतात. बाकी कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी आणि नगरपालिका वगैरेंनी नेमलेले. हॉस्पिटल चालवतात कार्यकारी संचालक. त्यांच्यावर नजर ठेवायची बिगर-कार्यकारी संचालकांनी. आणि ते ती नजर नीट ठेवतात की नाही, हे बघायचं गव्हर्नरांनी. म्हणजे पहारेकऱ्यावर पहारा. पण हातात काहीच नाही असंही नाही. अध्यक्ष आणि बिगर-कार्यकारी संचालक नेमायचे, त्यांचं मानधन ठरवायचं, हिशेबतपासनीस नेमायचा, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीला मान्यता द्यायची. अध्यक्षाला काढायचं तर कौन्सिलच्या तीन चतुर्थांश सदस्यांची मंजुरी. दुसऱ्या ट्रस्टमध्ये विलीन व्हायचं तर निम्म्याहून जास्त गव्हर्नरांची. एनएचएसबाहेरून, म्हणजे मुख्यतः खासगी रुग्णांकडून येणाऱ्या पैशाचा वाटा एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के किंवा त्याहून जास्त वाढवायचा असेल, तरी कौन्सिलला विचारावं लागतं. हे शेवटचं बहुतेक उमेदवारांना माहीतच नसतं.

आता निवेदनं कशी असतात ते ऐक. निम्मे उमेदवार लिहितात, मी प्रतीक्षा यादी कमी करीन. उरलेले लिहितात, मी पार्किंगचे दर उतरवीन. एखादा आईच्या आजारपणात झालेला त्रास सविस्तर लिहितो, वॉर्डाच्या नावासकट. कळवळा खरा असतो, पण वैयक्तिक तक्रार गव्हर्नरकडे येतच नाही. तिला वेगळी खिडकी आहे. वॉर्डाचं किंवा डॉक्टरचं नाव घातलं तर बदनामीचा प्रश्न येतो आणि मजकूर परत येऊ शकतो. आणि पार्किंगवाला निवडून आला की तीन वर्षं प्रत्येक बैठकीत पार्किंगच काढतो, कारण शब्द दिलेला असतो ना! तुमच्या पतसंस्थेतल्या त्या 'लाभांश पंधरा टक्के' वाल्यांची आठवण येते. नाव घेत नाही, तुझे व्याही लागतात.

माझी खरी पंचाईत इथेच आहे. खरं लिहायचं तर 'मी प्रश्न विचारीन' एवढंच वचन देता येतं. आणि प्रश्न विचारणाऱ्या बाईला मत कोण देतो? 

म्हणून प्रश्नच असा हवा, की वाचणाऱ्याला वाटावं, हो, हे कुणीतरी विचारायलाच हवं. मी औषधांचा घेतलाय. जन्म फार्मसीतच गेला. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, आज घरी जा. पेशंट खूश, मुलगा गाडी घेऊन हजर. पण घरी न्यायच्या औषधांची चिठ्ठी (इथे सगळे टीटीओ म्हणतात) आणि डिस्चार्जचा कागद लिहितो ज्युनिअर डॉक्टर, तोही अख्खी राउंड संपल्यावर. मग ती फार्मसीत येते. फार्मासिस्टला दिसतं की घरी चालू असलेली रक्त पातळ करायची गोळी यादीत नाही. मुद्दाम थांबवली की राहून गेली? डॉक्टरला बोलवा. तो दुसऱ्या वॉर्डात. म्हातारं माणूस असेल तर दिवसवार खणांच्या पाकिटात गोळ्या भरायच्या, त्याला आणखी वेळ. मॉर्फिनसारखं काही असेल तर वेगळी नोंद, वेगळी सही. संध्याकाळ होते. तोवर ती खाट अडलेली, आणि तिची वाट बघणारा माणूस खाली अपघात विभागात ट्रॉलीवर. बोल मात्र फार्मसीला, कारण साखळीत आम्ही शेवटचे.

यावर पहिलं वाक्य लिहिलं होतं: 'रुग्णांना लवकर घरी सोडलं जावं यासाठी मी प्रयत्नशील राहीन.' तू वाचलं असतंस तर वही फेकली असतीस. कोण प्रयत्नशील नाही? आता असं आहे: 'घरी जायची परवानगी मिळाल्यावर औषधांसाठी रुग्ण किती तास थांबतो, हा आकडा संचालक मंडळापुढे येतो का, हे मी बिगर-कार्यकारी संचालकांना विचारीन. येत नसेल तर का येत नाही, हेही विचारीन.' यात खोटं काही नाही, अधिकाराबाहेरचं काही नाही, आणि ज्याचा नवरा चार तास कोट घालून खाटेवर बसला होता तिला ते लगेच कळेल. प्रतीक्षा यादीचंही तसंच. १८ आठवड्यांच्या आत ९२ टक्के रुग्णांवर उपचार सुरू व्हावेत हे मानक आहे. ते मी पूर्ण करीन म्हणणं हा फाजीलपणा. मंडळ त्याबद्दल कुठल्या पुराव्यावर निश्चिंत आहे, हे विचारणं माझं काम.

असा प्रश्न हवेतून सुचत नाही. फाउंडेशन ट्रस्टच्या मंडळाच्या बैठका २०१२ च्या कायद्यापासून लोकांसाठी खुल्या झाल्या, कागदपत्रंही बघायला मिळतात. शेवटच्या दोन-तीन बैठकांचे कागद वाचायचे आणि तोच विषय दर वेळी 'पुढील बैठकीत' कुठे ढकललाय ते शोधायचं. निवेदनाचा मुद्दा तिथे बसलेला असतो. नुसती स्वतःची कळकळ घेऊन बसलं की विशेषणं सुटतात. 'उत्साही, कष्टाळू, समाजकार्याची आवड असलेली' यात शब्द गेले आणि मी कोण हे कळलंच नाही.

शब्दांची वाटणी मी अशी केलीय. मी कोण आणि हॉस्पिटलशी संबंध काय, याला ५० च्या आसपास. काय विचारणार, याला निम्मे. लोकांचं म्हणणं माझ्यापर्यंत कसं पोचणार, याला ५०. हा भाग जवळजवळ सगळे विसरतात, खरं तर सभासदांचं आणि जनतेचं हित मांडणं हे कायद्याने गव्हर्नरचं कर्तव्यच आहे. मराठी, हिंदी, गुजराती बोलते हे तिथेच टाकलंय. नुसतं 'तीन भाषा येतात' लिहून काय उपयोग? मंदिरात आणि दवाखान्यात बसून ज्यांना इंग्रजी फॉर्म भरता येत नाही त्यांचं ऐकीन, असं लिहिलंय. उरलेले शब्द मोकळे ठेवायचे, कारण मर्यादा ओलांडली की पुढचा मजकूर छाटतात. नम्रपणे सुचवत वगैरे नाहीत, सरळ छाटतात. शेवटच्या ओळीत 'आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे' असं लिहून उमेदवार गायब झालेला असतो.

अर्ज बाद कशाने होतात, तर क्षुल्लक गोष्टींनी. अनुमोदक, सूचक वगैरे लागत नाहीत, स्वतःच स्वतःला उभं करायचं. पण ट्रस्टशी आर्थिक हितसंबंध आहे का आणि कुठल्या राजकीय पक्षाचे सभासद आहात का, हे लिहावंच लागतं. काही नसेल तर 'नाही' असं लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही. सही राहिली तरी गेलं. अर्ज मुदतीत रिटर्निंग ऑफिसरच्या हाती पोचायला हवा, टाकला त्या तारखेला किंमत नाही. मतदान संपायच्या निदान २८ दिवस आधी अर्ज बंद होतात, माघार २५ दिवस आधीपर्यंत, आणि हे दिवस मोजताना शनिवार, रविवार, बँकेच्या सुट्ट्या धरत नाहीत. प्रचाराला स्टेशनरी, टपाल, फोन असल्या किरकोळ खर्चाची हद्द १०० पौंड. जेवणावळी नाहीत गं! फोटो लागतो. सुहासने साक्षीगंधाच्या फोटोतून मला कापून दिलं, खांद्यावर कुणाचातरी हात उरलाय.

यादी आडनावाच्या इंग्रजी अक्षरांनी लागते, म्हणजे वैद्य तळाला. वाचणारा तिथे पोचेपर्यंत सात जणांची 'समाजकार्याची आवड' वाचून कंटाळलेला असणार. म्हणून पहिल्याच वाक्यात औषधं आणलीत. आमच्याकडे मतं पसंतीक्रमाने देतात. समज, दोन जागा आणि ६०० मतपत्रिका. ६०० भागिले ३, अधिक १, म्हणजे २०१ ला माणूस निवडून येतो. पहिल्या पसंतीत तेवढी मिळाली नाहीत तर दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर भिस्त. त्यामुळे दुसऱ्या उमेदवाराला टोमणा मारायची सोय नाही, त्याच्या मतदाराची दुसरी पसंती आपल्याला हवी असते. तू उभी राहिली असतीस तर पहिल्या फेरीत आली असतीस नाहीतर कधीच नाही.

आता सगळ्यात अडलेलं वाक्य. जुलै २०२५ मध्ये सरकारने आरोग्यसेवेची दहा वर्षांची योजना काढली. फाउंडेशन ट्रस्टला गव्हर्नर असलेच पाहिजेत ही अट काढून टाकणार, असं तीत आहे. कायदा बदलावा लागेल, तोवर निवडणुका होतायत. मुदत तीन वर्षांची, आणि ती पुरी होण्याआधी खुर्चीच जाऊ शकते. तू म्हणशील, विसर्जन ठरलेल्या मंडपाची वर्गणी कशाला काढतेस? तुझं खरंही असेल. गव्हर्नर नुसते माना डोलावतात, हा आरोप अगदीच खोटा नाही. पण स्टॅफर्डचं हॉस्पिटल आठवतं मला. २००८ मध्ये त्याला फाउंडेशन ट्रस्टचा दर्जा मिळाला, तेव्हा आत रुग्णांची आबाळ चालू होती आणि नातेवाईक ओरडून सांगत होते. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल २०१३ मध्ये आला. आकडे आणि लक्ष्यं सांभाळण्यात मंडळाने माणसं सोडली, असा त्याचा रोख. नातेवाईकांचं ओरडणं त्या टेबलावर नेऊन ठेवणारं कुणीतरी बाहेरचं लागतं. गव्हर्नर गेले तर त्या जागी कोण, हा माझा प्रश्न आहे.

तर निवेदनात हे लिहू का? 'हे पद लवकरच रद्द होऊ शकतं. तोवर विचारायचं ते विचारीन, आणि नंतर तुमचं म्हणणं कोण ऐकणार हेही विचारीन.' सुहास म्हणतो, वेडी आहेस, हे वाचून कोण मत देईल. लोकांना उमेदीचं काही हवं असतं. मला वाटतं, जे सगळ्या उमेदवारांना माहीत आहे आणि कुणीच लिहिणार नाही, ते लिहिणारी एखादी असावी. तुझं काय मत? आणि तू 'मधला मार्ग' म्हणालीस तर फोन ठेवीन.

अरे हो, तुझं. मधूला नोकरी लागली हे शालूकडून कळलं, तुझ्याकडून नाही. त्याबद्दल वेगळं भांडू. भाऊंचं ऑपरेशन नीट झालं ना? घराचा वरचा मजला भाड्याने देतेस की नाही, की अजून भाडेकरूंच्या मुलाखतीच चालू?

निवेदन सोबत पाठवतेय. इंग्रजीत आहे, आणि तू अख्खी हयात नववीला इंग्रजी शिकवलंस, म्हणून ते तुझ्याकडेच. आत्ता २८१ शब्द आहेत. अर्ज शुक्रवारी बंद होतोय, म्हणजे तुझी कात्री बुधवारपर्यंत चालायला हवी. फार्मसीच्या वाक्याला हात लावू नकोस. बाकी शेवटचं पान काढायचं असेल तर काढ, या वेळी विचारून.

तुझी,
विद्या